मुलांचं डिप्रेशन: जीन किती, घर किती आणि शेजारची मावशी किती

आमच्या पीटीएच्या ग्रूपवर परवा एका पालकांनी एक जाहिरात टाकली. मुलाची थुंकी नळीत भरून कुरियरने पाठवायची, मग काही आठवड्यांनी पीडीएफ रिपोर्ट येणार, त्यात मुलाची बुद्धी, स्वभाव, कुठल्या खेळात चमकेल वगैरे आणि खाली बारीक अक्षरात डिप्रेशनचा धोका जास्त, मध्यम की कमी. किंमत वाचून मी फोन बाजूला ठेवला, पण मी बारावीला बायॉलॉजी शिकवते हे सगळ्यांना माहीत असल्याने पाच मिनिटांत तिघांनी मला टॅग केलं. टीचर, डिप्रेशनचा जीन खरंच असतो का? आणि एका बाईंनी विचारलेलं मला जास्त आवडलं, की ज्याचा बाप रोज पिऊन मारतो तो मुलगा टुणटुणीत आणि ज्याच्या घरी सगळं ठीक आहे तो कोमेजलेला, हे कसं काय?

ग्रूपवर याचं उत्तर द्यायला गेले असते तर ते गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं गेलं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लहान मुलांना कसलं आलंय डिप्रेशन?

हे स्टाफरूममध्येही ऐकू येतं. मोठ्यांचं डिप्रेशन आपण सिनेमात बघितलेलं असतं, अंधाऱ्या खोलीत बसलेला माणूस वगैरे. मुलांचं तसं दिसत नाही. मूल चिडचिडं होतं, सारखं पोट दुखतं म्हणतं आणि डॉक्टरकडे नेलं तर पोटात काहीच नसतं, खेळायला जायचं बंद करतं, झोप बिघडते, मार्क घसरतात, आणि आपण काय म्हणतो, तर अंगात मस्ती आलीय. एखाद-दोन दिवस तोंड पाडून बसणं म्हणजे डिप्रेशन नव्हे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, आणि शाळा-खेळ-जेवण सगळ्यात अडथळा येईल इतकं असेल तर डॉक्टर ते डिप्रेशन धरतात.

आता मारहाणीबद्दल. ‘आमच्या गोव्यात असलं काही नसतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की काही विचारू नका. केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ साली मुलांच्या छळावर एक मोठा अभ्यास छापला, १३ राज्यांतली १२,४४७ मुलं, आणि त्या तेरा राज्यांत गोवाही होता. तीनातल्या दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं, निम्म्याहून जास्त मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार झाल्याचं सांगितलं. छळ म्हणजे फक्त पट्ट्याने मारणं नाही. सतत हिणवणं, लैंगिक अत्याचार, आणि पोराकडे बघणारंच कोणी नसणं, म्हणजे हेळसांड, हे सगळं त्यात येतं.

फक्त गोव्याचाही एक अभ्यास आहे, २००८ साली छापलेला, १२ ते १६ वयाच्या २,०४८ मुलामुलींचा. मानसिक आजाराचं प्रमाण त्यात दोन टक्क्यांच्याही आत निघालं, जे बाहेरच्या देशांपेक्षा बरंच कमी. पण ज्यांना मार किंवा शिवीगाळ झाली होती, ज्यांचा वाडा-शेजार सुरक्षित नव्हता, त्यांच्यात ते जास्त होतं, आणि ज्या मुलांचा मुख्य आधार घरचीच माणसं होती त्यांच्यात कमी. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग जीन मधे कुठे आला?

जीन म्हणजे शरीराला कुठलं प्रोटीन कसं बनवायचं ते सांगणारा डीएनएचा तुकडा. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे बहुतेक दोन प्रती असतात, एक आईकडून एक बाबांकडून, आणि माणसामाणसांत त्यांच्या स्पेलिंगमध्ये थोडा थोडा फरक असतो.

डिप्रेशन काही घराण्यांत जास्त दिसतं हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून २००० साली हिशोब निघाला, की डिप्रेशनच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला साधारण ३७ टक्के आनुवंशिक असतो. याचा अर्थ तुमच्या मुलाचं डिप्रेशन ३७ टक्के जीनमुळे आणि उरलेलं तुमच्यामुळे असा नाही हां! हा आकडा लोकसंख्येचा आहे, एका माणसाचा नाही. हे मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी पेपरात उलटंच लिहून येतं.

तर संशोधकांना तो आनुवंशिक भाग नेमका कुठे आहे ते शोधायचं होतं. संशय गेला सिरोटोनिनवर. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला जी रसायनं वापरतात त्यातलं हे एक, आणि डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या त्याच्यावरच काम करतात. निरोप पोचला की सिरोटोनिन परत पेशीत ओढून घेणारं एक प्रोटीन असतं, त्याचा जीन १७ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, आणि त्या जीनच्या सुरुवातीला एक पट्टी आहे जी काहींच्यात लांब असते, काहींच्यात ४४ अक्षरांनी आखूड. पट्टी आखूड असली की प्रोटीन कमी बनतं.

न्यूझीलंडमध्ये डनिडिन म्हणून शहर आहे, तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांच्या मागे संशोधक जन्मापासून लागलेत, अजून सोडलेलं नाही. त्यातले ८४७ जण २६ वर्षांचे झाल्यावर त्यांची आखूड-लांब पट्टी तपासली आणि २००३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निकाल छापला. लहानपणी छळ झालेला आणि दोन्ही पट्ट्या आखूड, अशांना मोठेपणी डिप्रेशन जास्त. छळ झालेला पण दोन्ही पट्ट्या लांब, त्यांना फारसा फरक नाही. आणि छळ झालाच नसेल तर पट्टी आखूड असो की लांब, काहीच फरक नाही.

दिवाडी-चोडणच्या बाजूला ज्यांचं शेत आहे त्यांना हे लगेच कळेल. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, कोरगूट भात लावतात कारण त्याला खारं पाणी सोसतं, दुसरं नाजूक बियाणं लावलं आणि भरतीला बांध फुटला की ते गेलंच. पण बांध धड असेल, भरतीचं पाणी अडवणारं मानशीचं दार वेळेवर पडत असेल, तर दोन्ही बियाणी उगवतात आणि लांबून बघणाऱ्याला फरकही कळत नाही. बियाणं म्हणजे जीन, खारं पाणी म्हणजे छळ. डनिडिनच्या अभ्यासाने एवढंच म्हटलं होतं, की बियाण्याची परीक्षा पाणी शिरल्यावर होते. पेपरवाल्यांनी मात्र त्याचं ‘डिप्रेशनचा जीन सापडला’ करून टाकलं.

बांधाकडे बघणारा अभ्यास

पुढच्याच वर्षी, २००४ साली, अमेरिकेत येल विद्यापीठाच्या जोन कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला, बांधाचा, म्हणजे मुलाला आधार कुणाचा आहे याचा. डनिडिनच्या लोकांना त्यांच्या लहानपणाबद्दल मोठेपणी विचारलेलं बरंच होतं. इथे मुलंच होती, ५ ते १५ वयाची, एकूण १०१. त्यातल्या ५७ मुलांना छळ किंवा हेळसांडीमुळे सरकारने आईबापांपासून काढून घेतलेलं होतं, आणि ४४ मुलं तुलनेसाठी, ज्यांच्या बाबतीत असं काही झालेलं नव्हतं.

मुलांचा जीन तपासला, डिप्रेशन मोजलं, आणि मग मुलांना त्यांच्या माणसांबद्दल विचारलं. मनातली गोष्ट कुणाला सांगतोस? काही चांगलं झालं तर आधी कुणाला जाऊन सांगतोस? मजा कुणाबरोबर करतोस? काय करू कळत नाही तेव्हा कुणाकडे जातोस? काही वस्तू लागली तर कोण आणून देईल? प्रश्न इतके साधे की वाचताना वाटतं हा कसला सायन्सचा पेपर. पण जरा तुमच्या वर्गातल्या एखाद्या गप्प पोराला विचारून बघा, चांगलं झालं तर आधी कुणाला सांगतोस. काही मुलं लगेच सांगतात, आजीला, मामाला, शेजारच्या मावशीला. काही मुलं बराच वेळ विचार करतात आणि मग कुत्र्याचं नाव सांगतात.

निकाल असा आला. छळ झालेली, दोन्ही पट्ट्या आखूड आणि आधाराला कोणी नाही अशा मुलांचा डिप्रेशनचा स्कोअर सगळ्यात जास्त, म्हणजे तशाच पट्ट्या असलेल्या पण छळ न झालेल्या मुलांच्या दुप्पट. तीच आखूड पट्टी, तसाच छळ, पण विश्वासाची माणसं आहेत, तर स्कोअर थोडासाच वाढलेला.

त्या पेपरच्या नावात आधाराचा उल्लेख आधी होता आणि जीनचा नंतर. जगाने मात्र लक्षात ठेवला तो जीन.

आणि मग तो जीन पडला

इथपर्यंतची गोष्ट अनेक ठिकाणी वाचायला मिळते, मराठीत पण, आणि बहुतेक लेख इथेच थांबतात. खरी गोष्ट पुढे आहे.

२००३ नंतर जगभर लोकांनी हाच प्रयोग करून पाहिला. काहींना तेच सापडलं, काहींना उलटं, काहींना काहीच नाही. २००९ साली १४ अभ्यास, १४,२५० माणसं, सगळी एकत्र करून हिशोब मांडला तेव्हा आखूड पट्टीचा परिणाम दिसेना, एकटीचा पण नाही आणि ताणाबरोबर पण नाही. मग २०११ साली दुसऱ्या गटाने ५४ अभ्यास घेतले आणि म्हटलं की नाही, परिणाम आहे, विशेषतः लहानपणी छळ झालेल्यांत. मग २०१८ साली ३८,८०२ माणसांवर, आधीच ठरवलेल्या पद्धतीने, मोजलं तर परत काही ठोस नाही. २०१९ साली तर डिप्रेशनचे म्हणून गाजलेले १८ जीन घेऊन ४,४३,२६४ माणसांपर्यंतच्या डेटावर तपासणी झाली, आणि हे नावाजलेले जीन डोळे मिटून उचललेल्या कुठल्याही जीनपेक्षा सरस ठरले नाहीत. जपान, चीन या बाजूला आखूड पट्टी युरोपपेक्षा कितीतरी जास्त लोकांत असते, म्हणून तिथे डिप्रेशन जास्त आहे असंही नाही.

मग आधीचे लोक खोटं बोलत होते का? नाही. अडचण आकड्यांची होती. ५७ मुलं घ्या, ती आखूड-आखूड, आखूड-लांब, लांब-लांब अशा तीन गटांत वाटा, मग प्रत्येक गटाचे परत दोन भाग करा, आधार असलेले आणि नसलेले, म्हणजे एकेका खान्यात मोजकीच मुलं उरली. त्यातली दोन पोरं त्या आठवड्यात जास्त उदास असली तरी सरासरी कुठल्या कुठे जाते. त्यात जे अभ्यास ‘सापडलं’ म्हणतात ते लगेच छापले जातात आणि ‘नाही सापडलं’वाले कपाटात राहतात, हे सगळीकडचंच.

माझ्या मते आज प्रामाणिकपणे एवढंच म्हणता येतं, की आखूड पट्टीवर डिप्रेशनचा दोष टाकता येत नाही, आणि परिणाम असलाच तर इतका छोटा आहे की एका मुलाबद्दल त्यावरून काही सांगणं म्हणजे कुडमुड्या जोशाचा धंदा.

म्हणजे आनुवंशिक काही नाहीच?

आहे. पण एका जीनमध्ये नाही, हजारो ठिकाणी पसरलेलं आहे. २०१९ साली आठ लाखांवर माणसांच्या डीएनएचा अभ्यास झाला, त्यात डिप्रेशनशी जोडलेल्या १०२ जागा सापडल्या, आणि एकेक जागा धोका इतकाच वाढवते की घरात बसून कधी कळायचं नाही. या सगळ्यांची बेरीज करून माणसाचा एक स्कोअर काढतात, पण त्यावरूनही अमुक मुलाला डिप्रेशन होईलच असं सांगता येत नाही. असा स्कोअर जास्त असलेल्या मुलांना छळ जास्त बाधतो का, यावरही एकमत नाही, २०१४ साली ‘हो’ असं उत्तर आलं आणि २०१८ साली मोठ्या डेटात ते टिकलं नाही.

म्हणजे खाजनात एकच नाजूक बियाणं आणि एकच कोरगूट असं नाहीच, प्रत्येक काडीची सोसण्याची ताकद थोडी थोडी वेगळी, आणि ती आधी ओळखायची युक्ती अजून कुणाला जमलेली नाही. खारं पाणी मात्र पहिल्या अभ्यासापासून शेवटच्या अभ्यासापर्यंत तिथेच आहे. २००९ च्या ज्या हिशोबात जीन पडला त्याच हिशोबात आयुष्यातल्या आघातांचा परिणाम स्वच्छ दिसत होता. लहानपणी छळ झालेल्यांना परत परत येणारं, लांबत जाणारं डिप्रेशन होण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांतून आलेलं आहे.

मार खाल्ल्याने मेंदूत काय होतं?

धोका दिसला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन सोडतं, साखर वाढते, लक्ष एका ठिकाणी लागतं, धोका गेला की ते उतरतं. हे चांगलंच आहे, साप दिसला तर हवंच. ज्या घरात साप रोज संध्याकाळी आठ वाजता दारातून आत येतो तिथे मात्र ही यंत्रणा बिघडते, काही मुलांत सतत चढलेली राहते, काहींत इतकी दमते की गरज असताना पण चढत नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या सेथ पोलॅक यांनी केलेला एक प्रयोग मला फार लागला. मुलांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आधी इतके धूसर की काही कळू नये, मग हळूहळू स्पष्ट होत जाणारे. ज्या मुलांनी घरी मार खाल्ला होता त्यांना रागीट चेहरा इतर मुलांच्या आधी ओळखता आला, अजून फोटो धूसर असतानाच. घरात बाप दारातून आत येताना चप्पल कशी काढतो त्यावरून आज काय होणार ते ओळखायला शिकलेलं पोर वर्गात टीचरच्या कपाळावरची आठी पण आधी बघतं, आणि मग त्याचं गणितात लक्ष नसतं. आम्ही लिहितो, ‘लक्ष देत नाही, पालकांना भेटायला बोलवा.’ पालक भेटायला येतात आणि घरी गेल्यावर काय होतं ते आम्हाला माहीत नसतं.

अजून एक शब्द हल्ली ऐकू येतो, एपिजेनेटिक्स. जीनचं स्पेलिंग तेच राहतं पण त्यावर रासायनिक खुणा लागतात आणि त्यामुळे तो जीन कमी-जास्त वापरला जातो, एवढाच त्याचा अर्थ. २००४ साली कॅनडातल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की जी आई पिल्लांना जास्त चाटते-गोंजारते तिच्या पिल्लांच्या मेंदूत ताणाच्या एका जीनवरच्या खुणा वेगळ्या असतात, आणि पिल्लं दुसऱ्या आईकडे दिली तर त्या नव्या आईप्रमाणे बदलतात. माणसांतही असे काही पुरावे आहेत. पण ‘आजीचं दुःख नातवाच्या डीएनएत’ असले जे फॉरवर्ड फिरतात ते वाचून घाबरू नका, माणसांत तेवढं कोणी सिद्ध केलेलं नाही.

‘आम्ही पण मार खाल्ला, आम्हाला काय झालं?’

हे वाक्य आमच्या घरी दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, होतं. मागे गणपतीच्या वर फळं-भाज्यांची माटोळी बांधताना माझा चुलतभाऊ शिडीवरून म्हणालाच, "आमकां कितें थोडें मारलें? कितें जालें आमकां?" सगळे हसले. मग बोलता बोलता त्याच्याच तोंडून निघालं, की मार पडला की तो मागच्या दाराने उठून थेट वरच्या वाड्यावर मावशीकडे जायचा, ती काही विचारायची नाही, पेज वाढायची, आणि रात्री स्वतः घरी आणून सोडायची, आणि तिच्यासमोर काका परत हात उचलायचे नाहीत. कॉफमन बाईंचे पाचही प्रश्न त्याला विचारले असते तर पाचांचं उत्तर मावशी होतं. पण हे त्याला मी त्या दिवशी सांगितलं नाही, नारळ बांधायचे राहिले होते.

दुसरं म्हणजे जे बरे राहिले तेच चवथीला शिडीवर चढून सांगतात. जे नाही राहिले ते कुठे आहेत ते कोण विचारतं.

ही नुसती घरगुती गोष्ट नाही. हवाई बेटांतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा पाठपुरावा दशकानुदशकं झाला. गरिबी, दारू, भांडणं, आजारी आईबाप अशा बऱ्याच गोष्टी एकदम वाट्याला आलेल्या मुलांतली साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट, कामाधामाला लागलेली मोठी झाली, आणि त्यांच्यात वारंवार दिसणारी गोष्ट म्हणजे लहानपणी निदान एक तरी मायेचं मोठं माणूस, मग ते आजी असो, शेजारी असो की टीचर. यात स्वभावाचा वाटा पण होता हे खरं, जे मूल मुळात लाघवी त्याला माणसं पण चटकन जोडली जातात. म्हणून घुम्या पोराला आपल्यालाच जाऊन धरावं लागतं, ते येणार नाही.

जीन पण आईबापांचे, मार पण आईबापांचा, मग वेगळं कसं काढणार?

हा प्रश्न माझ्या एका विद्यार्थिनीने विचारला होता आणि तो अगदी बरोबर आहे. बापाला डिप्रेशन असेल, तो त्यापायी पीत असेल, मारत असेल, आणि तेच जीन पोरात आले असतील, तर पोराचं डिप्रेशन माराचं की जीनचं?

जुळ्या बहिणींवरून थोडं कळतं. एकीवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाला, दुसरीवर नाही, घर तेच, आईबाप तेच. अशा जोड्यांत ज्या बहिणीवर अत्याचार झाला तिला मोठेपणी मानसिक त्रासाचा धोका जास्त, हे २००० च्या सुमाराला अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही दिसलं. म्हणजे सगळं जीनवर ढकलता येत नाही.

आणि २००६ साली छापलेला अजून एक अभ्यास आहे, १५१ आया आणि त्यांची मुलं. आईच्या डिप्रेशनवर उपचार केले, आणि ज्या आया तीन महिन्यांत बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांची लक्षणं कमी झाली, मुलांना औषध न देता. जीन होते तेच होते की!

घर म्हणजे चार भिंती नव्हेत

आमच्या डिचोली-सत्तरी-सांगेच्या पट्ट्यात कुणाला वेगळं सांगायला नको. २०१२ साली इथल्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्या, मग काही काळ चालू झाल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्चपासून परत ठप्प. ट्रक दारात उभे राहिले, टायर माडाच्या बुंध्याशी, बँकेचे हप्ते थकले, आणि दिवसभर घरात नसणारे बाप दिवसभर घरात. त्यातल्या किती घरांत हात उठला याचा आकडा माझ्याकडे नाही, पण वर्गात बसून काही गोष्टी दिसतात. पैशाची ओढाताण झाली की सगळेच मारतात असं नाही, आणि पैसेवाल्या घरात मारत नाहीत असं तर मुळीच नाही, बंगल्याच्या भिंती जाड असतात म्हणून ऐकू येत नाही एवढंच.

याची उलट बाजू अमेरिकेत योगायोगाने तपासता आली. नॉर्थ कॅरोलिनात १,४२० मुलांचा पाठपुरावा चालू होता, त्यातली काही तिथल्या चेरोकी आदिवासी समाजाची. मधेच त्या समाजाने कॅसिनो उघडला आणि नफ्यातला वाटा समाजातल्या प्रत्येकाला मिळू लागला. (कॅसिनो म्हटलं की आपल्याला मांडवीतल्या बोटी आठवतात, त्याचा नफा आपल्याला कधी वाटून मिळालेला नाही ते सोडा.) जी घरं गरिबीतून वर आली त्यांच्या मुलांची मारामारी, उद्धटपणा, नियम मोडणं हे सगळं कमी झालं, आणि संशोधकांच्या म्हणण्याप्रमाणे मुख्य कारण म्हणजे आईबापांना मुलांकडे बघायला वेळ मिळाला. उदासी आणि भीती मात्र त्या वेळी फारशी कमी झाली नव्हती, हे पण सांगायला हवं. पैसा आला म्हणून मन लगेच भरून येत नाही.

मग अशा मुलाला घरातून काढलं की झालं?

कधी कधी काढावंच लागतं, जीव वाचवायला. पण काढलं की त्याच दिवशी त्याची आजी, बहीण, शाळा, मित्र पण सुटतात, आणि आधाराचा बांध म्हणतो तो जिथे होता तिथेही फुटतो. रोमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांवर २००० नंतर एक प्रयोग झाला, चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं प्रशिक्षण दिलेल्या कुटुंबांकडे सोपवली, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. साडेचार वर्षांची झाली तेव्हा कुटुंबात गेलेल्या मुलांत भीती-उदासीचे आजार कमी होते. इमारत, पलंग, दूध, सगळं दिलं तरी आपलं एक माणूस लागतं.

आपल्याकडे बाल कल्याण समिती मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवते, मेरशीला अपना घर हे मुलांसाठीचं सरकारी निवासगृह आहे, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यात पालक-कुटुंबाची म्हणजे फॉस्टर केअरची तरतूद पण आहे. मूल संस्थेत गेलं तरी त्याला भेटायला येणारी आत्या दर रविवारी येऊ शकते की नाही, बसभाडं कोण देतं, ही गोष्ट माझ्या मते कुठल्याही जीनपेक्षा जास्त महत्त्वाची आहे, आणि फाईलमध्ये तिला रकानाच नसतो.

तर ती टेस्ट करायची का?

नको. रिपोर्टमध्ये कमी धोका आला तर मुलाची चिडचिड तुम्ही अजून सहा महिने मस्ती समजाल, आणि जास्त आला तर घरातले सगळे त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतील, आणि नजर मुलांना कळते ते वर लिहिलंच आहे. तेच पैसे घेऊन बांबोळीला मनोरुग्णालयाच्या ओपीडीत जाऊन यायला रिक्षाने गेलात तरी उरतील. लोक काय म्हणतील म्हणून जायला लाज वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, फोनवरच बोलतात.

‘काउन्सेलर कुठे मिळतात, आणि शिकलेल्या सायकॉलॉजिस्टशिवाय उपयोग काय?’ हे पण विचारलं गेलंय. याचं एक उत्तर गोव्यातच मिळालंय. पर्वरीच्या संगाथ संस्थेने १० आरोग्य केंद्रांत डिप्रेशनच्या ४९५ मोठ्या माणसांवर अभ्यास केला, २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मानसशास्त्राची डिग्री नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी सहा ते आठ वेळा भेटून बोलणं केलं, तीन महिन्यांनी त्यातले ६४ टक्के डिप्रेशनमधून बाहेर होते, नुसत्या नेहमीच्या उपचारावरचे ३९ टक्के. हा अभ्यास मुलांचा नाही, मोठ्यांचा आहे, पण ज्या मोठ्यांचा आहे त्यांच्या घरी मुलं आहेतच.

शेजारी, टीचर, मावशी म्हणून आपण काय करायचं तर फार मोठं काही नाही, पण ते वरचेवर करायचं. वर्षातून एकदा बालदिनाला भाषण देणारा पाहुणा आधार म्हणून मोजला जात नाही, रोज दिसणारं माणूस मोजलं जातं. मुलाने काही सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. गोष्ट लैंगिक अत्याचाराची असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेचं नाव खराब होईल हे कारण तिथे चालत नाही आणि न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. मारहाण किंवा हेळसांड असेल तर मुलांसाठीच्या १०९८ हेल्पलाइनवर फोन करा, चोवीस तास चालू असतो, आणि मुलाला आधी सांगून ठेवा की मी फोन करणार आहे, कोण येईल, काय विचारेल, आणि ते येतील तेव्हा मी तिथेच बाजूच्या खुर्चीत असेन.